अकरा महिन्यांचा करार

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात काळ-काम-वेगाचं गणित असायचं. त्याभोवती खडूची चौकट आणि खाली ‘पुसू नये’. नव्वदच्या सुमारास मुंबईतल्या एका शाळेच्या वर्गात आमच्या नाटकाच्या तालमी दीड महिना चालल्या, तेव्हा रोज बदलणारं हे गणित आमच्या नेपथ्याचाच भाग होऊन गेलं होतं. साडेसहाला दुपारची शाळा सुटायची, सातला तालीम. मधल्या अर्ध्या तासात बाकं उचलून भिंतीला लावायची, फरशीवर खडूने मंचाच्या कडा आखायच्या आणि दहाला सगळं पुसून बाकं जागच्या जागी ठेवायची. बाकांचा क्रम मी वहीत लिहून ठेवला होता. सकाळी मुलं आपलं कोरलेलं नाव शोधत यायची आणि बाक सापडलं नाही की तक्रार थेट मुख्याध्यापकांकडे जायची. वर्ग लहान होता. नायिका चिडून खिडकीकडे जाते असा एक प्रसंग होता. तिसऱ्या पावलाला तिचा गुडघा बाकावर आपटायचा. तिने दोन पावलांत वळायची सवय करून घेतली. पुढे प्रयोग मोठ्या मंचावर झाला, खिडकी पंधरा फुटांवर होती, तरीही ती दोन पावलांतच वळली. दिग्दर्शकाने विंगेत डोळे मिटून घेतले. तालमीची खोली नाटकाच्या अंगात शिरते, हे मला त्या रात्री कळलं.

शाळेने जागा दिली होती ती तोंडी शब्दावर. मुख्याध्यापकांना नाटकाची आवड होती, एवढाच आमचा करार. जूनमध्ये ते निवृत्त झाले. नव्या मुख्याध्यापकांना जादा तासांसाठी वर्ग हवे होते आणि त्यांची अडचण खरी होती. जिन्याखाली ठेवलेली आमची ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवलेली सापडली. रात्रभर तिरपा पाऊस झाला होता. आत दोन नऊवारी लुगडी, एक फेटा, लाकडी तलवारी आणि प्रकाशयोजनेच्या खुणा केलेली एकुलती एक संहिता. शाई पसरून पानं जांभळी झाली होती. दुसरी खोली मिळेपर्यंत तीन महिने गेले, तोवर नाटकातले दोघे नोकरीसाठी परगावी गेले होते. ते नाटक पुन्हा उभं राहिलं नाही.

गेली पस्तीस वर्षं मी प्रायोगिक नाटकाच्या आसपास वावरते आहे. संहिता कुणाची, नट कोण, याच्याही आधी विचारला जाणारा प्रश्न अजून तोच आहे: जागा आहे का कुठे? आणि जागा मिळालीच तर त्याच्या पाठोपाठ दुसरा: किती दिवस?

* * *

मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास पत्त्यांवरून सांगता येतो. शांता गोखले यांनी या रंगभूमीचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने सिद्ध केला, तेव्हा त्याची मांडणी तीन जागांभोवती केली: भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस आणि छबिलदास शाळेचं सभागृह. नाटककार, दिग्दर्शक, गाजलेले प्रयोग हे सगळं त्या तीन पत्त्यांच्या पोटात येतं. ही मांडणी मला फार अचूक वाटते.

आझाद हिंद सेनेच्या खटल्यात लाल किल्ल्यात बचावाची बाजू मांडणारे भुलाभाई देसाई १९४६ साली वारले. वॉर्डन रोडवरच्या त्यांच्या वास्तूत पुढे ही संस्था उभी राहिली. एकाच आवारात रविशंकर यांचे संगीताचे वर्ग, हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ, इब्राहिम अल्काझींचं नाट्यशिक्षण. विजया मेहतांची ‘रंगायन’ १९६० साली स्थापन झाली. तिच्याही वाटचालीत ही वास्तू आहे. चित्रकार, सतारिया आणि नट एकाच जिन्यावर भेटतात तेव्हा काय घडतं, याचं वेगळं अंदाजपत्रक कुणी मांडू शकत नाही. पण साठच्या दशकातल्या मुंबईत ते घडलं. अल्काझींनी तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचा रंगमंच केला होता आणि प्रेक्षक जिने चढून तिथे जात. १९६२ साली अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होऊन दिल्लीला गेले, ‘थिएटर युनिट’ची धुरा सत्यदेव दुबे यांनी उचलली. भुलाभाईंची वास्तू पुढे पाडली गेली. रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यानंतर काही काळ ताडदेवचं वालचंद टेरेस. तेही संपलं.

मग छबिलदास. ‘रंगायन’मधून बाहेर पडून अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ सुरू केली. आरंभ झाला गिरीश कार्नाडांच्या ‘तुघलक’ने. माणसं भरपूर, पोशाख भरपूर, मंच मोठा. ज्या माणसांनी चार वर्षांपूर्वी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं केलं होतं त्यांच्या हिमतीचा प्रश्नच नव्हता. पण मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, व्यावसायिक नाटकांनी आधीच धरून ठेवलेल्या तारखा आणि दीड-दोनशे प्रेक्षकांचं नाटक यांचा मेळ कधीच बसत नाही. सुलभाताई दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. १९७४ साली त्याच शाळेचं सभागृह संध्याकाळपुरतं मिळालं.

मी कॉलेजात असताना तिथे पहिल्यांदा गेले. दादर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की लगेच ती गल्ली. माणसांचा लोंढा, विक्रेत्यांच्या हाका, श्रीकृष्णच्या बटाटेवड्यासमोरची गर्दी, आणि त्यातून वाट काढून शाळेत शिरायचं. आत एक साधं शाळेचं सभागृह. मखमली पडदा नाही, तिसऱ्या घंटेचा थाट नाही. नट इतक्या जवळ की त्याच्या मानेवरची शीर दिसायची. खाली लोकल धडधडत जायची आणि अनुभवी नट वाक्य अर्ध्यावर धरून ठेवून गाडी गेल्यावर सोडायचे. शांततेचा तो एवढासा तुकडा मला आजही आठवतो. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ इथे केलं, प्रेक्षकांच्या मधून, चौकटीचा रंगमंच सोडून. खुर्च्या कशा मांडायच्या हे दर नाटकाने ठरवायचं, कारण जमिनीला ठोकलेली एकही खुर्ची नव्हती.

‘आविष्कार’चं खरं मोठेपण त्यांच्या स्वतःच्या नाटकांइतकंच दुसऱ्या एका गोष्टीत होतं. हाती आलेलं सभागृह त्यांनी एकट्यासाठी ठेवलं नाही. इतर संस्थांना ते परवडेल अशा भाड्याने दिलं, दिवे दिले, तारखा दिल्या. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी नाटकवाले एकाच आठवड्यात एकमेकांच्या पाठोपाठ तिथे यायचे आणि पुढच्याच्या प्रयोगाला मागचा प्रेक्षक म्हणून बसायचा. नगराची कलासंस्था म्हणून जी संस्था असायला हवी तिचं काम हेच असतं: जागा राखणं, तारखा वाटणं, नव्याला दार उघडून देणं. मुंबईत ते काम नोकऱ्या करणाऱ्या मूठभर माणसांनी स्वखुशीने केलं. नाटकाच्या चळवळीला एका शाळेचं नाव पडलं, यातच सगळं आलं.

शाळेची मर्जी आणि शाळेची गरज यांच्या मधल्या फटीत ही चळवळ जगली. ती फट कधीतरी मिटणारच होती. पुढे ‘आविष्कार’चा मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत गेला. पुन्हा शाळाच, पुन्हा संध्याकाळचीच वेळ. तिथेही थोर काम झालं. १९९४ साली महेश एलकुंचवारांची वाडा-त्रयी, ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने सलग सादर केली, आठ-नऊ तासांची. ‘चंद्रशाला’ या बालविभागाच्या ‘दुर्गा झाली गौरी’तून मुलांच्या पिढ्या मंचावर आल्या. अरविंद देशपांडे १९८७ साली गेले, त्यांच्या नावाचा महोत्सव वर्षानुवर्षं भरत राहिला. काकडेकाका नोकरी सांभाळून आणि नंतर निवृत्तीनंतरही निर्मितीची सगळी यातायात पाहत राहिले: परवानग्या, तारखा, टेम्पो, चहा, हिशेब. २०१४ साली पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २०१६ साली सुलभाताई गेल्या, २०१९ च्या ऑक्टोबरात काकडेकाका. माहीमचाही मुक्काम कायमचा ठरला नाही.

पन्नास वर्षांच्या या कामानंतर ‘आविष्कार’च्या नावावर मुंबईत स्वतःचं नाट्यगृह असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ते नाही, याचं दुःख मराठी माणसांना जितकं व्हायला हवं तितकं होत नाही.

* * *

१९७४ हेच साल बर्लिनमध्येही महत्त्वाचं आहे. मुलांसाठी नाटक करणारी ‘ग्रिप्स’ ही फोल्कर लुडविग यांची संस्था त्या वर्षी हान्साप्लाट्झ या भुयारी रेल्वेस्थानकाला लागून असलेल्या जागेत राहायला गेली. तिथेही खालून गाड्या जातात. मराठी वाचकाला ग्रिप्स परकं नाही. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ साली ते पुण्यात आलं, थिएटर अकादमी आणि मॅक्सम्यूलर भवनाच्या आधाराने रुजलं आणि आपल्या बालनाट्याची भाषा त्याने बदलून टाकली. ग्रिप्स आजही हान्साप्लाट्झलाच आहे. पन्नास वर्षं एकच दार, एकच पाटी. ज्या मुलाला आजी घेऊन गेली होती ते मूल आता आपल्या नातवाला त्याच पायऱ्या दाखवतं. छबिलदास आणि ग्रिप्स यांच्यातला फरक प्रतिभेचा नाही, जिद्दीचाही नाही. बर्लिन शहराच्या अंदाजपत्रकात ग्रिप्ससाठी दरवर्षी एक ओळ असते. ती ओळ भाडं, पगार आणि दिव्यांची देखभाल उचलते.

अशा ओळीही पुसल्या जातात. २०२५ साठी बर्लिनने संस्कृतीवरच्या खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले आणि तिथले कलावंत रस्त्यावर उतरले. पण ते भांडले ते अंदाजपत्रकातल्या आकड्याबद्दल. आपल्याकडे भांडायला आकडाच नसतो.

घरच्या मुंबईतलं उदाहरण पृथ्वी थिएटरचं. जुहूच्या जानकी कुटीरमधली जागा पृथ्वीराज कपूर यांनी १९६२ साली भाडेपट्ट्याने घेतली होती. १९७२ साली ते वारले आणि पट्टाही संपला. गोष्ट इथेच संपायची, वालचंद टेरेससारखी. पण शशी आणि जेनिफर कपूर यांनी ती जमीन विकत घेतली, १९७५ साली न्यास केला, वेद सेगन यांच्याकडून दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह आखून घेतलं आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी दार उघडलं. पहिलं नाटक गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत. आज कुणी विचारलं की मुंबईत छोट्या नाटकाचं घर कुठे, तर बोट पृथ्वीकडे जातं. जमिनीचा कागद हातात होता म्हणून ते घर टिकलं. सिनेमातली कमाई जमिनीत घालायला तयार असलेलं कुटुंब प्रत्येक नाट्यसंस्थेला लाभत नाही. म्हणून तर शहर नावाच्या कुटुंबाकडे पाहायचं.

* * *

आता पैशाचं बोलू. नाटकवाल्यांना ते अवघड जातं आणि त्यामुळेच आकडे कुणी नीट मांडत नाही.

समजा सहा जणांचं नाटक आहे. तालमी पन्नास दिवस, रोज तीन तास, म्हणजे दीडशे तास. उपनगरात तालमीची खोली तासाला तीनशे रुपयांनी मिळाली असं धरू. पंचेचाळीस हजार रुपये गेले आणि अजून एक तिकीटही विकलेलं नाही. प्रयोग शंभर खुर्च्यांच्या जागेत, तिकीट तीनशे. साठ माणसं आली, तर अठरा हजार जमले. त्यातून सभागृहाचं भाडं, दिवे, ध्वनी, रंगभूषा, नेपथ्य आणणारा टेम्पो, चहा-वडे. नटांच्या हाती प्रवासखर्च पडला तरी पुष्कळ. तालमीचे पंचेचाळीस हजार कुठल्याच प्रयोगातून वसूल होत नाहीत. ते कुणाच्या तरी पगारातून, भविष्यनिर्वाह निधीतून, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या समजूतदारपणातून आलेले असतात. प्रायोगिक रंगभूमीचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणजे तिच्यातल्या माणसांची घरं.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्य सरकार नव्या नाटकांना प्रयोगागणिक अनुदान देतं. हौशी संस्थांसाठी राज्य नाट्यस्पर्धा गेली अनेक दशकं चालू आहे आणि मराठीतले कितीतरी नट-दिग्दर्शक तिच्यातून आले. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची गुरू-शिष्य परंपरेची रेपर्टरी योजना आहे. तिच्यातून संस्थेतल्या गुरूला आणि शिष्यांना दरमहा मानधन मिळतं. वास्तू बांधायलाही केंद्राचं अर्थसाहाय्य आहे: महानगरात जास्तीत जास्त ५० लाख, इतरत्र २५ लाख, आणि उरलेला वाटा संस्थेने उभा करायचा. सांगली-साताऱ्याच्या एखाद्या संस्थेला २५ लाखांत स्वतःच्या भूखंडावर छोटं नाट्यगृह उभं करता येईलही. दादर-माहीममध्ये ५० लाखांत दोन खोल्यांचं बिऱ्हाडही येत नाही.

या सगळ्या योजनांना एक सामायिक घडण आहे. त्या ‘केलेल्या’ गोष्टीला पैसे देतात. प्रयोग करा, फोटो लावा, पावत्या जोडा, लेखापरीक्षकाचा शिक्का घ्या, उपयोगिता प्रमाणपत्र सादर करा, मग रक्कम येईल. खर्च आधी होतो, पैसा मागाहून येतो, आणि मधल्या काळात संस्थेने कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे. दार उघडणाऱ्या माणसाचा पगार, वीजबिल, गळकं छत, तालमीची खोली या गोष्टींचा फोटो निघत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून कला आणि संस्कृतीला पैसे देता येतात, कायद्याने २०१४ पासून तशी वाट आहे. पण कंपनीलाही महोत्सव हवा असतो, मंचामागे नाव लागतं. ‘आमच्या तालमीच्या खोलीचं तीन वर्षांचं भाडं भरा’ असं पत्र मी स्वतः तीन ठिकाणी लिहून पाहिलं आहे. तिन्हीकडून विचारणा आली ती एकच: कार्यक्रम कोणता?

पुण्याच्या थिएटर अकादमीची गोष्ट इथे आठवते. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ आलं, त्यावरून ते करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेत फूट पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमी जन्माला आली. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीतून अकादमीने नाटककारांसाठी योजना चालवली आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांना बळ दिलं; सतीश आळेकर हे काम पाहत होते. नऊ-दहा वर्षं पैसा ठरलेल्या वेळी, ठरलेला येत राहिला. तेवढ्यावर मुंबई-पुण्याबाहेरच्या लिहिणाऱ्यांना, करणाऱ्यांना ‘पुढच्या वर्षी काय’ याचा विचार करायची मुभा मिळाली. मुदत संपली तेव्हा ती मुभाही संपली. परदेशी संस्थेला जे सुचलं ते आपल्या एकाही महापालिकेला त्यानंतर का सुचू नये?

सॅन फ्रान्सिस्को शहराने यावर १९६१ सालीच एक उपाय काढला. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांकडून जो कर घेतला जातो त्यातला वाटा शहरातल्या कलासंस्थांना वार्षिक अनुदान म्हणून द्यायचा. ते अनुदान भाड्याला, पगाराला, विजेला वापरता येतं. विशिष्ट कार्यक्रमाची अट नाही. २०१८ साली मतदारांनी त्या कराचा ठरावीक हिस्सा कलेसाठी बांधून टाकण्याचा प्रस्ताव मंजूर केला. कोरोनात हॉटेलं ओस पडली तसा हा झराही आटला, तेव्हा एकाच झऱ्यावर सगळी तहान सोपवणं धोक्याचं हेही तिथे दिसलं. तरी कल्पना सोपी आहे: शहराची शोभा पाहायला येणाऱ्याने शोभा निर्माण करणाऱ्यांना थोडं द्यावं.

* * *

इमारतीसाठी पैसा आपल्याकडेही निघतो. कोल्हापूरचं उदाहरण ताजं आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री तिथे जमलेले रंगकर्मी रडत होते, आणि दूर मुंबईत टीव्हीसमोर बसून मीही रडले. नाट्यगृह पुन्हा बांधायचं असं लगोलग ठरलं, सरकारने निधी जाहीर केला. हे योग्यच झालं. ते झालं नसतं तर महाराष्ट्राला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मात्र शाहू महाराजांनी इमारतीइतकाच माणसांना आश्रय दिला होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. गवयी, नट, चित्रकार, मल्ल यांना दरबारातून पोटापाण्याची शाश्वती होती. रंगमंच आणि रंगमंचावर उभं राहणारा माणूस ही एकाच खर्चाची दोन अंगं आहेत, हे त्या राजाला कळत होतं.

महापालिकांनी बांधलेली नाट्यगृहं बहुतेक हजार-आठशे खुर्च्यांची आहेत. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला सुरू झालं, त्यामागे पु. ल. देशपांड्यांची दृष्टी होती, आणि त्या वास्तूने मराठी नाटकाला जे दिलं त्याबद्दल कुणाला शंका नाही. पण शंभर माणसांचं नाटक हजार खुर्च्यांत मांडलं की नटाला पोकळीशी बोलावं लागतं. ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात आणि प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात छोटी सभागृहं आहेत, पुण्यात हिराबागेत डॉ. श्रीराम लागू रंग-अवकाश उभं राहिलं, एनसीपीएचं एक्सपेरिमेंटल थिएटर १९८६ पासून आहे. ही चांगली कामं आहेत. मागणाऱ्यांच्या मानाने ती फार थोडी आहेत, आणि तालमीची जागा त्यात कुठेच धरलेली नसते. नाटक पन्नास दिवस जिथे घडतं त्या खोलीची सोय कुणीच करत नाही. सोय असते ती दोन तासांची.

२०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. मी हा आकडा रस्त्यांच्या किंवा रुग्णालयांच्या वाट्याला हात लावण्यासाठी देत नाही. महापालिकेच्या शाळा प्रत्येक वॉर्डात आहेत. संध्याकाळी सातनंतर त्यांची सभागृहं बहुतेक ठिकाणी बंद असतात. प्रत्येक वॉर्डात एका शाळेचं सभागृह रात्री दहापर्यंत तालमींसाठी उघडं ठेवायचं, तिथे दोन माणसं पगारी नेमायची, सामान ठेवायला कुलपाचं कपाट द्यायचं आणि संस्थांशी लेखी, निदान पाच वर्षांचे करार करायचे. मुख्याध्यापक बदलला तरी करार बदलणार नाही असे. बाकं हलवायची तर ती हलवणारा माणूसही नेमलेला असेल आणि सकाळी मुलाला आपलं बाक जागेवर मिळेल. छबिलदासला आणि माहीमला जे ओळखीवर आणि मर्जीवर चाललं तेच हक्काने चालावं, एवढीच ही मागणी आहे. त्याचा खर्च काढून पाहायला एखाद्या अधिकाऱ्याला एक दुपार पुरेल.

* * *

गेल्या महिन्यात अंधेरीकडच्या एका औद्योगिक गाळ्यात मी एका तरुण गटाची तालीम पाहायला गेले होते. जुन्या छपाईयंत्राचे पाय जिथे रोवलेले होते त्या खाचा जमिनीत अजून आहेत; त्यांनी त्यात सिमेंट भरून वरून चटया अंथरल्या आहेत. भिंती काळ्या. स्वतःच्या हाताने तीन वेळा रंग मारावा लागला, कारण खालून जुन्या पिवळ्या ऑइलपेंटचा ढपला वर यायचा. पडद्यांसाठी भिंतीला एकही खिळा ठोकलेला नाही. जागा सोडताना भिंती पुन्हा पांढऱ्या करून द्यायच्या, भोकं दिसली तर डिपॉझिटमधून कापणार, असं करारात लिहिलंय. म्हणून लोखंडी पाइपांचे स्टँड करून त्यावर पडदे टांगलेत. कुणाचा धक्का लागला की अख्खी विंग डुलते. एका मुलाचं कामच ते पाइप धरून उभं राहणं होतं. मंचावर त्याची मैत्रीण एक लांबलचक स्वगत म्हणत होती आणि तो पाइपामागून ओठ हलवत तिच्याबरोबर शब्दन् शब्द म्हणत होता.

लिव्ह अँड लायसन्सचा करार, अकरा महिन्यांचा. मुंबईत बहुतेक करार अकरा महिन्यांचेच असतात. ही गोष्ट नाटकवाल्यांनी कधी हिशेबात धरली नव्हती, कारण पूर्वी करारच नसायचे. या मुलांच्या नाटकाला संहितेपासून आतापर्यंत तेरा महिने झाले आहेत, त्यातले सुरुवातीचे कुणाच्या तरी घरी, सोफा सरकवून. दिग्दर्शिकेने मला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. गाळा ३१ जानेवारीला सोडायचा आहे. पहिला प्रयोग फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तारीख मिळाली ती तेवढीच. रंगीत तालमीचे शेवटचे दहा दिवस कुठे करायचे हे ठरलेलं नाही. मालक मुदत वाढवायला तयार आहे, पण पुन्हा पूर्ण अकरा महिन्यांची आणि वाढीव भाड्याने.

‘ताई, तुमच्या ओळखीत आहे का कुठे जागा? दहाच दिवस,’ तिने विचारलं.

मी पर्समधून फोन काढला आणि एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर शोधू लागले.